दवा एकच होती

आमच्या घरात अबोला झाला की खरा जीव जातो तो माझा. भांडायचं आई-बाबांनी आणि टपाल वाहायचं मी. "सांग त्याईले, जेवण झालं." "सांग तुह्या आईले, मले भूक नाही." दोघंही एकाच खोलीत, समोरासमोर, आणि निरोप मात्र माझ्या तोंडून! दिवसभर मंगरूळपीरच्या कचेरीत लोकांचे अर्ज घ्यायचे आणि घरी आल्यावर पुन्हा तेच काम. वैताग नुसता.

या वेळचं कारण होतं पाटा. घरात नव्या फरश्या बसवल्या तेव्हा धनजहून आलेल्या मिस्त्रीनं बाबांना विचारलं, "काका, हा पाटा पडूनच हाय, नेऊ का?" मिक्सर आल्यापासून तो खरंच मागच्या दारी पडून होता. बाबा म्हणाले, "ने बाप्पा." आता तो पाटा आईला तिच्या आईनं दिलेला. एकदा दिलेली वस्तू परत मागायची नाही हा आईचाच नियम, म्हणजे आणायचीही सोय नाही. आईनं आदळआपट केली नाही. "मले एका सबदानं इचारलं नाही," एवढंच म्हणाली आणि बाबांशी बोलणं बंद केलं. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, तरी बंदच.

टीव्ही बाहेरच्या खोलीत, म्हणजे बाबांच्या राज्यात. आई तिकडं जाणार नाही. संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि मी काय करते ते बघायची. मी खेळत असायचे. कॉलेजात असताना मैत्रिणीकडून घेतलेला जुना गेम आहे माझ्याकडे, हातात मावणारा, दोन पडद्यांचा, पाटीसारखा मिटणारा. वरच्या पडद्यावर एक भुयार. खालच्या पडद्यावर गेमसोबतच्या प्लास्टिकच्या काडीनं त्या भुयाराचा नकाशा आपणच काढायचा. नाही काढला तर हरवलात म्हणून समजा.

"याच्यात आपण कुठी हावोत?" आईनं विचारलं.

"आपणच चालून राह्यलो ना. आपल्या डोळ्याले दिसते ते वर दिसते."

"मंग आपले पाय काहून नाही दिसत?"



पण तिला गोडी लागली. मग मी नवा खेळ सुरू करून दिला. त्यात आपली टोळी बनवावी लागते, म्हणून आपलंच घर घातलं: आई, बाबा आणि मी. कोण पुढं, कोण मागं हेही ठरवायचं असतं. आई म्हणाली, "मले पुढं ठेव. त्याईले मांगं. तिथंबी न इचारता कोणाले काही देऊन टाकतीन."

आई खेळायची ते बघून माझं डोकं फिरायचं. नकाशा झकास काढायची, त्यात खोट नाही. जिथं विंचू चावला तिथं फुली, जिथं पाणी मिळालं तिथं गोल. पण औषधाच्या बाबतीत हात सैल. टोळीतल्या कोणाला जरा खरचटलं की दवा! मी ओरडायचे, "आवं आई, राखून ठेव, पुढं राक्षस हाय." ती म्हणायची, "दुखलं तं द्याव नाही काय?" शिंक आली की काढा उकळणारी बाई ती, खेळात तरी कशी बदलेल? आणि सगळे मेले तर खेळातल्या गावातून निघाल्यापासूनचं सगळं जातं, नकाशासकट. हे मी तिला कितीदा सांगितलं असेल.

मग एका रविवारी दुपारी लाइन गेली. टीव्ही बंद, आत उकाडा, म्हणून सगळेच अंगणात आलो. लिंबाखाली खाटेवर बाबा. ओट्यावर गेम घेऊन आई. मी मधे मेथी निवडत बसलेली, नेहमीच्या माझ्या जागेवर.

"आला वं, आला!" आई एकदम म्हणाली.

राक्षस आला होता. पहिल्याच फटक्यात मी मेले. खेळातली. दुसऱ्यात आई आणि बाबा दोघंही मरायला टेकले. पिशवीत दवा एकच उरली होती, होणार होतंच ते. राक्षसाचाही जीव थोडाच उरला होता, पण पुढचा फटका दवा घेणाऱ्या एकालाच सोसवला असता.

आई थांबली. काडी हातात, नजर पडद्यावर. मग मला म्हणाली, "इचार त्याईले, दवा त्याईले देऊ का मी घेऊ?"

माझी सटकली. इतके दिवस भाजीत मीठ कमी, पाणी आलं, गॅस संपला, सगळं पोचवलं. आता राक्षसाचंही पोचवू? "मी नाही इचारत," मी म्हटलं. "तुही तू इचार. समोरच तं बसले हायेत!"

बाबा खाटेवर उठून बसले होते.

"दवा एकच हाय," आई म्हणाली. माझ्याकडं न बघता, सरळ बाबांकडं बघून. "तुमाले देऊ का मी घेऊ?"

बाबा गोंधळले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. "मले काय इचारतं? तुहा खेळ हाय, तुले वाटते तसं कर."

"नाही. दोघाईचं असलं का इचाराव लागते." आईनं काडी खाली ठेवली. "म्हणून मी इचारून राह्यली."

बाबांनी खाली बघितलं. नव्या फरशीचे उरलेले तुकडे खाटेखालीच रचून ठेवले होते. म्हणाले, "चुकलं माह्यं. इचाराले पाह्यजे होतं."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग बाबा म्हणाले, "तू घे दवा. तू पुढं हायेस."

आणि आईनं ती बाबांनाच दिली! मी कपाळावर हात मारला. पुढच्या फटक्यात ती गेली, पण बाबांनी राक्षस लोळवला. आता त्या भुयारात एकटे बाबा, आम्ही दोघी मेलेल्या, आणि गाव लांब.

आई उठली, खाटेवर बाबांच्या शेजारी जाऊन बसली आणि गेम त्यांच्या हातात दिला. "गावात नेऊन आमाले जित्तं करा. नकाशा काढेल हाय म्या. डावीकडं चाला."

बाबांनी उजवीकडं वळवलं.

"डावीकडं म्हणलं ना, बाप्पा! तिथं फुली हाय, दिसत नाही काय तुमाले?"

मी मेथी घेऊन आत गेले. चहा ठेवला. बराच वेळ मला कोणी हाक मारली नाही.