नंबर सोडून फक्त बोट

केरू कांबळे अकरा वर्षं दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता, आणि त्या अकरा वर्षांचा राग त्यानं पुढं जन्मभर पुरवून पुरवून वापरला. उंब्रज ते पाटण वडाप, म्हणजे सीटं भरली की सुटणारी खासगी जीप. मालक एक संशयी म्हातारा. शेवटची फेरी आली की तो स्टँडवरच उभा असायचा आणि सगळ्या प्रवाशांदेखत केरूच्या शर्टाचा खिसा आपल्या हातानं उलटा करून बघायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या आणि केरू हात वर करून उभा राहायचा. तिथंच कधीतरी त्यानं मनाशी गाठ मारली की एकदा स्वतःची गाडी झाली की पुन्हा कुणाच्या पगारावर राहायचं नाही. उपाशी मेलो तरी नाही.

दोन हजार बाराला त्याची स्वतःची जीप आली. काचेवर वर ‘जय भीम’ आणि खाली ‘माया’, म्हणजे त्याच्या लेकीचं नाव. मालक झाल्यावर माणसाची मान जरा मागं कलतेच, केरूची अंमळ जास्तच कलली. स्टँडवर जीपा नंबरानं सुटायच्या. सहा नंबर केरूचा, आणि नंबराचा नियम पाळायला लावण्यात त्याच्यासारखा कडक दुसरा कोणी नव्हता. एकदा आटपाडीकडचा एक माणूस दुष्काळाला कंटाळून जीप घेऊन आला आणि बिननंबराची सीटं भरायला लागला. “एक ट्रिप मारू द्या, दादा, पोरं घरात हाईत,” म्हणून हात जोडत होता. केरूनं त्याची भरलेली जीप रिकामी केली, एका बाईच्या कडेवरचं बाळसुद्धा उतरवून खाली दिलं, आणि वर चारही चाकांची हवा सोडली. त्या दिवशी त्यानं स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला.

मग कोरोना आला. पहिलं वर्ष केरूनं कसंबसं काढलं. दुसऱ्या लाटेत वडाप पुन्हा बंद पडलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जीप दारात उभी, टायर बसलेले. शेवटी सांगलीहून जुन्या गाड्यांचा दलाल गुंडाभाऊ आला. त्यानं जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून पुन्हा लावलं आणि गप्प उभा राहिला. केरूनं जीपची किंमत सांगितली आणि स्टँडवरच्या नंबराचे वरती चाळीस हजार सांगितले.

गुंडाभाऊ मनापासून हसला. “स्टँडवर कुत्रं न्हाई गड्या, आन् तू नंबराचं काय घिऊन बसलायस? जिथं रांगच न्हाई तिथं नंबर कशाचा? नुसत्या पत्र्याचं बोल.”

जीप निम्म्या किमतीत गेली आणि सहा नंबर तिच्याबरोबर फुकट गेला. केरूला ते लागलं, पण लागता लागता त्याला त्या बोलण्याचं कौतुकही वाटलं. एवढ्या वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही, असं त्याला वाटलं. पडलेल्या बाजारात समोरच्याच्या वस्तूचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा शून्याला मोजायचा. केरूनं ते पाठ करून ठेवलं.

त्याची बायको चंद्राबाई कोयनेच्या पाण्याकाठची. साताऱ्यावरून घाट चढून गेलं की धरणाच्या पसरलेल्या पाण्याकाठी तिचं माहेर. तिथं धक्क्यावर बोट क्लब होता आणि पुण्या-मुंबईची माणसं बोटीत बसायला, वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जायला यायची. ऑगस्टात माहेरून फोन आला आणि चंद्राबाईनं तो जसाच्या तसा नवऱ्याला सांगितला. “आवं, आप्पासो बोटवालं मे म्हयन्यात कोरोनात गेलं. त्यांची बोट गवतात पडलीया. साळूबाई गिऱ्हाईक बघतीया म्हनं.”

केरू ताडकन उठून बसला. बोट म्हणजे पुन्हा स्वतःची गाडी. ना टोल, ना पोलीस, ना टायर.

“घ्यायची तर घ्या,” चंद्राबाई म्हणाली, “पर त्या बाईला चार पैसं जास्त द्या. रडत्या घरातनं वस्तू येतीया.”

केरूनं मान डोलावली. ती मान त्यानं फक्त बायकोसाठी डोलावली होती.

बोट बारा सीटची, फायबरची, धक्क्यापासून जरा वर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचलं होतं आणि आजूबाजूला गुडघाभर गवत. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. क्लबच्या पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं. साळूबाई चाळिशीची, बारीक अंगाची बाई. ती पुढं होऊन ताडपत्री सोडायला लागली. केरूनं मदत केली नाही. बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिनवर टिचकी मारली आणि गप्प उभा राहिला.

“तीन लाख सांगत हुते हे,” साळूबाई म्हणाली. “त्यात चौदा नंबर आला. क्लब निघाला तवा ह्यांनी घेतल्याला. आता नवं नंबर देत न्हाईत कुनाला.”

“वैनी, नंबर काय करायचा?” केरू म्हणाला. “जिथं रांगच न्हाई तिथं नंबर कशाचा?”

“सुरू झालं की लागतोय, भाऊ.”

“कवा सुरू हुनार? तिसरी लाट येतीया म्हनत्यात. नुसत्या फायबरचं बोला.”

मग तिनं नवी घेतलेली लाइफ जॅकेटं दाखवली. केरू म्हणाला, ती बाजूला ठेवा, मला नकोत. वरचं कापडी छत दाखवलं. ते फाटलंय, काढून घ्या. सीटखाली आप्पासोच्या चपला होत्या, कडक झालेल्या. साळूबाईचा हात तिथं थांबला. केरू म्हणाला, “त्या पन काडून घ्या, वैनी. त्याचं पैसं धरू नका म्हंजे झालं.” असं म्हणून तो हसला. माणूस एवढा हलकट एका दिवसात होत नाही, आणि केरूला तर तोवर आपण हलकट झालोय हेही कळलं नव्हतं. आपण व्यवहार शिकलो, एवढंच त्याला वाटत होतं.

तीन लाखांचे नव्वद हजार झाले. शेवटी साळूबाई म्हणाली, “मग नंबर मी ठेवते.”

“ठेवा की. भाजी करून खावा त्याची.”

स्टँपपेपर केरूनं सोबतच आणला होता. त्यावर आपल्या वळणदार अक्षरात त्यानं स्वतःच लिहिलं, ‘नंबर सोडून फक्त बोट व इंजिन’, म्हणजे पुढं बाईनं नंबराचे पैसे मागायला नकोत. साळूबाईनं सही केली. ती अजून समोर उभी असतानाच केरूनं चंद्राबाईला फोन लावला आणि मोठ्यानं म्हणाला, “फुकटात मारली गं! बाई अडल्याली हुती.”

त्यानंतरचे अडीच महिने केरूच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हे त्याच्यापासून हिरावून घ्यायचं कारण नाही. सासुरवाडीला बायकोसह राहून त्यानं बोटीला निळा रंग दिला, बाजूला ‘माया’ लिहिलं, फुटलेल्या फायबरला ठिगळ लावलं, साताऱ्याहून मिस्त्री आणून इंजिन उघडून बसवलं. जीपचे उरलेले पैसे त्यातच गेले. बोट चालवायला तो मेव्हण्याकडून शिकला, आणि मेव्हण्यानं नंबराचं काढलं की ‘आदी रांग तर लागू दे’ म्हणून उडवून लावायचा. भर पाण्यात इंजिन बंद करून नुसता बसून राहायचा. इथं खिशात हात घालणारा कोणी नव्हता. पन्नाशीच्या माणसाला एकट्यानंच हसू फुटायचं.

दिवाळीत माणसं आली. दोन वर्षं घरात कोंडलेली ती माणसं धरण फुटावं तशी लोटली. घाटात गाड्यांची रांग लागली, कणसं संपली, चहा संपला. केरूनं सकाळी सातला बोट धक्क्याला लावली. सांगलीचं एक नऊ जणांचं कुटुंब लगेच चढलं. केरू दोरी सोडणार एवढ्यात क्लबचा सेक्रेटरी हातात वही घेऊन आला.

“नंबर?”

“आप्पासोची बोट हाय ही,” केरू म्हणाला.

“बोट त्यांची. नंबर?”

अख्ख्या महाराष्ट्रात हा प्रश्न ज्याला समजावून सांगायला लागला नसता असा माणूस म्हणजे केरू. क्लबच्या दोघांनी ते कुटुंब हळूहळू उतरवलं. म्हातारीला हात दिला, पोरांना उचलून घेतलं, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. नऊ जण शेजारच्या बोटीत बसले आणि गेले.

मला नवा नंबर द्या, केरू म्हणाला. नवे नंबर बंद आहेत, सेक्रेटरी म्हणाला. त्या क्लबात सगळे एकमेकांचे साडू नाहीतर मेव्हणे, आणि मागच्याच महिन्यात कुणाच्या तरी भाच्याला एकतीस नंबर मिळाला होता. केरूनं ते बोलून दाखवलं. सेक्रेटरीनं त्याच्याकडं नीट बघितलं, जीपच्या काचेवरचं ‘जय भीम’ आता बोटीच्या नाकावर होतं तेही वाचलं, आणि म्हणाला, “नियम सगळ्यांना सारखा असतोय, कांबळे.”

केरूनं दुसऱ्या काठावरून माणसं भरून बघितली. तिकडं रस्ताच नव्हता. गवताचे भारे वाहिले. डिझेलचेही पैसे निघाले नाहीत. बोट विकायला काढली तर येणारा पहिला प्रश्न तोच विचारायचा. पुन्हा जीप घ्यावी म्हटलं तर जुन्या गाड्यांचे भाव कडाडले होते, आणि उंब्रजच्या स्टँडवर सहा नंबरनं दुसराच माणूस सीटं भरत होता. मायाच्या कॉलेजची फी थकली. डिसेंबर निम्मा सरला तेव्हा केरूनं हात टेकले आणि साळूबाईच्या दारात गेला.

ती अंगणात भात वाळवत होती. केरू उन्हात उभा राहिला. बस म्हणायची तिला घाई नव्हती.

“वैनी, तुमचा नंबर आन् माजी बोट,” तो म्हणाला. “निम्मं निम्मं.”

“न्हाई.”

“मग साठ टक्के तुमाला.”

“भाऊ, तिघं येऊन गेलं नंबर मागायला. कुनाला दिला न्हाई. तुमी येनार हे ठाव हुतं मला.” ती आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली. “मोजून घ्या.”

पिशवीत त्याचेच नव्वद हजार होते. त्याच नोटा, त्याच रबराच्या वेढ्यात. नवरा गेलेल्या त्या बाईनं चार महिने लोकांच्या शेतात मजुरी करून, मीठ-भाकरी खाऊन दिवस काढले होते आणि त्यातली एकही नोट मोडली नव्हती. केरू त्या पिशवीकडं बघत राहिला. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

“आन् रंगाचं, इंजिनाचं?” त्यानं हळूच विचारलं.

“त्ये मी सांगितलं न्हवतं करायला. बोट परत देनार आसाल तर आज द्या. उंद्या मी ह्या पैशात दुसरी बोट बघते.”

“वैनी, मी लय चुकलो. त्या दिवशी...”

“भाव पाडलासा त्याचं काय न्हाई,” साळूबाई म्हणाली. “बाजारच पडला हुता. पर मी समोर उभी आस्ताना घरात फोन लावून हसलासा. चार म्हयनं रोज निजताना मला त्येच ऐकू येतंय.” तिचा आवाज चढला नव्हता. भात पायानं सारखा करत ती पुढं म्हणाली, “बोट चालवायला मानूस लागंल मला. म्हयन्याला नऊ हजार. दुसरं मानूस मिळतंय, पर तुमाला इंजिन ठाव हाय. येनार का न्हाई सांगा.”

केरूनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मायाची फी डोळ्यांपुढं आली, मेव्हण्याच्या घरातली चार महिन्यांची फुकटची भाकरी आठवली. “कवापासनं?” असे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले.

“उंद्या सकाळी सातला. आन् ते माया नाव खरवडून काढा.”

दुपारी तो मेव्हण्याच्या घरी आला तेव्हा चंद्राबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि भिंतीला टेकला. ती रडेल, साळूबाईला शिव्या देईल, निदान एक उसासा तरी टाकेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं भाकरी उलटली.

“पगार किती तारखंला देनार?”

“एकला.”

“दर एकला? नक्की?”

“व्हय.”

चंद्राबाईच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की केरूनं ते जीप आली त्या दिवशीही बघितलं नव्हतं. “लय बरं झालं बघा,” ती म्हणाली. “तुमी मालक झाल्यापास्नं माजा जीव कदी थाऱ्यावर न्हवता. रोज सांजच्याला काय आनताय न् काय न्हाई. आता कसं, ठरल्यालं.”

तिनं त्याला ताट वाढलं, गरम भाकरीवर तेल-चटणी घातली आणि हात पुसत शेजारी गेली. मधली भिंत कुडाची होती. केरूला सगळं ऐकू येत होतं. “आमच्या ह्यास्नी नोकरी लागली,” चंद्राबाई सांगत होती, “नऊ हजार, दर एकला.” शेजारीण म्हणाली, मग पेढे कुठायत?

चंद्राबाई हसतच आत आली. “आवं, जेवून झालं की जरा दुकानातनं पावशेर पेढं आना.”

केरूनं उरलेली भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि पेढे आणायला गेला.