पुराव्यासह आमचं घराणं

मी आमच्या घराण्याचा इतिहास लिहिला आणि त्यानंतर आठवडाभर आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी परभणीत सरकारी कारकून. समोरचा माणूस रडत असला तरी आधी कागद मागायचा, ही आमची शिस्त. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. म्हटलं, कार्यक्रमाच्या हॉलमध्ये घराण्याचा इतिहास लावू, दहा फुटी फ्लेक्सवर, कचेरीच्या शिस्तीत! (मला कुणी सांगितलं नव्हतं.)

दादांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं सुरुवात केली. पणजोबा हैदराबादेत बडे हुद्देदार होते, आजोबांनी उधळलेला बैल एका हातानं थोपवला होता. मी पुरावा मागितला. पणजोबा आणि बैल, दोघेही रद्द झाले.

मग आई. "लगनाच्या दुसऱ्या साली झालास तू. ज्वारीची काढणी चालू होती."

"याला पुरावा?"

"मी हाय की."

असले पुरावे आम्ही कचेरीच्या दारातूनच परत पाठवतो. एसटीनं पालमजवळच्या आमच्या गावी गेलो, शाळेतून माझा दाखला काढला. जन्मतारीख, एक जून! आईच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका मिळवली. सगळ्या नोंदी तारखेच्या क्रमानं लावल्या, शुद्धलेखन तीनदा तपासलं आणि खाली ठळक छापलं, 'सर्व नोंदी कागदोपत्री पुराव्यानिशी'.

कार्यक्रमाला आत्या आली. ती म्हातारपणी वाचायला शिकली, तेव्हापासून एसटीतल्या पाट्याही खड्या आवाजात वाचते. फ्लेक्ससमोर उभं राहून तिनं वाचलं, "थोरल्या चिरंजीवाचा जन्म." मग खालची ओळ, "विवाह." जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले.

"वैनी, हे कवा झालं वो?"

पन्नास वर्षं जिच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही, तिच्या पदरात मी भर हॉलात लग्नाआधीचं पोर घातलं होतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा पुढं झाले. "येड्या, तू घरात लय उच्छाद मांडायचास म्हणून लवकर शाळंत घातलं. गुरुजींनी डोक्यावरून पल्याडचा कान धरायला लावला, सहा वर्षांच्या पोराचा हात पुरतो, तुझा पुरंना. गुरुजी म्हणाले, राहू द्या, वय वाढवून लिवतो. आख्ख्या गावाला त्यांनी एक जूनच दिली हाय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"पुरावा न्हवता," दादा म्हणाले.

आईनं डोळे पुसून माईककडं बोट दाखवलं. मी माईक घेतला आणि सांगून टाकलं, की आई म्हणते तेच खरं, दाखल्यावरची माझी जन्मतारीख साफ खोटी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या आमच्या साहेबांनी वाजवल्या नाहीत. त्याच तारखेचं माझं सर्व्हिस बुक त्यांच्याच कपाटात असतं.

सोमवारी त्यांनी बोलावलं. खरी तारीख विचारली. मी म्हणालो, ज्वारीच्या काढणीत. त्यांनी पुरावा मागितला. मी मान खाली घालून म्हणालो, "आई आहे, साहेब."

"मग त्यांच्याकडून लिहून आणा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन आईसमोर बसत होतो आणि ती माझ्याकडं न बघता ज्वारी निवडत होती. आठव्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं.

"तू माझा पोरगा हायस, याला काई पुरावा?"

शोधायलोय.