फोटोखालचे दोन शब्द

लातूरच्या ज्या शाळेत मी शिकलो, तिच्या दर्शनी भिंतीवर नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावले आहेत. शाळा खासगी, मोठ्या नावाची. आमच्या वेळीसुद्धा तिथं प्रवेश मिळाला की लोक गावात पेढे वाटायचे. भिंतीवर एक हृदयाचे सर्जन आहेत, एक न्यायाधीश आहेत, दोघं सनदी अधिकारी, एकजण अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या खालच्या ओळीत काही वर्षं माझाही फोटो होता. फोटोखाली लिहिलं होतं, मृदा शास्त्रज्ञ.

मी मृदा शास्त्रज्ञ नाही. नांदेडच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक आहे. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती सावलीत वाळवतो, लाकडी मोगरीनं कुटतो, चाळतो, पुडीवर नंबर टाकतो. काचेची भांडी धुतो. पुढची तपासणी दुसरे करतात आणि अहवालावर सही तिसऱ्याची असते. कामात वाईट काही नाही. पण हे वाक्य आज जितक्या सहज लिहिलं, तितक्या सहज तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

दहावीला मी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलो होतो, म्हणून भिंत सजवताना शाळेनं मला शोधून काढलं. तिथल्या एका सरांनी आधी गावाकडं वडिलांना फोन केला. मग मला निरोप पाठवला, ‘मृदा शास्त्रज्ञ असं लिहितो. चालेल ना?’ दिवसभर मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी लिहिलं, ‘चालेल.’ वडिलांना बरं वाटेल, असं मनाशी म्हणालो. पुढं कायम स्वतःला हेच सांगत राहिलो.

आणि ते खरं वाटावं असंच सगळं होतं. आमची शेती शिरूर अनंतपाळकडं. वडील सोयाबीन घेऊन लातूरच्या आडतीत आले की शाळेत डोकावून जायचे. गेटवरचा शिपाई त्यांना ‘शास्त्रज्ञाचे वडील’ म्हणून खुर्ची द्यायचा. हे ते मला फोनवर सांगायचे आणि मी नुसता हसायचो.

मागच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून मला बोलवायचं ठरलं होतं आणि स्टेजवर वडिलांचाही सत्कार करायचा होता. मी हो-नाही करेपर्यंत बातमी गावात पोचली होती. आमचे चुलते तात्या दोन जीप भरून माणसं आणणार होते.

स्टेजवर उभं राहून मुलांशी खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. खरं बोललो असतो, तर साऱ्या गावादेखत वडिलांची मान खाली गेली असती. आधी त्यांनाच सांगावं म्हणून शनिवारी गावी गेलो.

अंगणात तात्या बसलेच होते.

“या शास्त्रज्ञसाहेब! आमच्या रानात काय हाय ते सांगा एकदा. नुसते दगडं निघायलेत.”

“तात्या, नंतर बोलू.”

“बघा! मोठ्या लोकाला टाईम न्हाई,” असं म्हणत हसत उठून ते गेले.

वडील तुरीच्या शेंगा सोलत होते. मी शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. मी शास्त्रज्ञ नाही, सहायक आहे, ते दोन शब्द मीच चालवून घेतले.

ते शेंगा सोलतच राहिले. मग म्हणाले, “मला ठाव हाय.”

“काय ठाऊक आहे, दादा?”

“एकडाव दवाखान्याच्या कामानं नांदेडला आलतो. म्हणलं तुला भेटून जावं. खिडकीतून बघितलं तर तू खाली बसून माती कुटायला व्हतास. एक पोरगेला साहेब तुझ्यावर खेकसत व्हता. म्हणलं, आत्ता आत गेलो तर ह्याला कसंनुसं व्हईल. तसाच माघारी फिरलो. फोटो लागायच्या लई आधीचं हाय हे.”

“मग तुम्ही लोकांना शास्त्रज्ञ का सांगत होता?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “सरांनी मला पुसलं तवा म्या बराबर सांगितलं व्हतं. लॅबात मदतनीस हाय म्हणून. आन् भिंतीवर बघतो तर शास्त्रज्ञ. सर म्हणले, तुमच्या मुलाला विचारूनच लिवलं. मग मला वाटलं, पोराला आपल्या कामाची लाज वाटायली. बापानंच खरं सांगितलं तर ह्यानं तोंड कुठं लपवावं? म्हणून म्या बी म्हणत गेलो. लई जड जायाचं रे.”

इतकी वर्षं ज्या माणसाच्या आनंदाचं निमित्त सांगून मी खोटं पोसलं, तो माणूस माझ्यासाठी गावभर तेच खोटं वाहत होता.

तिथंच बसून मी सरांना फोन लावला.

“अहो, पत्रिका छापायला गेली,” ते म्हणाले. “आणि एवढं कोण विचारणार आहे?”

“मी विचारतोय, सर. फोटोखालचे शब्द बदला. सहायक लिहा.”

“बघतो,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. प्रमुख पाहुणे बदलले होते. कार्यक्रमाला मात्र माझं स्वागतच होतं.

त्याच सकाळी तात्यांना वडिलांनीच सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

“म्हंजी जीप न्हाई?”

“न्हाई.”

“आन् हार सांगून ठेवलेत ते?”

“ते तूच घालून घे.”

तात्यांनी जरा विचार केला. “मग शास्त्रज्ञानं सांगितलंय म्हणून तू माझ्या तुरीवर येवढे उपाय करायला लावलेस, ते कुणाचे व्हते?”

“माझेच,” वडील म्हणाले.

“तरीच जळाली!”

कार्यक्रमाला जायचं नाही असं मी धरून चाललो होतो. वडील म्हणाले, “तू माजी विद्यार्थी हायेस का न्हाई? मग जायाचं.” त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि आम्ही दोघं एसटीनं लातूरला गेलो.

भिंतीवरचे शब्द बदलले नव्हते. फोटोच काढला होता. त्या जागी खिळा होता आणि भिंतीचा चौकोनी तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होता. सहायक लिहून फोटो राहील, एवढीच माझी अपेक्षा होती. ती मला तेव्हाही फार मोठी वाटली नव्हती. वडील थांबले, त्यांनी पाहिलं, आणि पुढं चालू लागले. त्या दिवशी शिपाई खुर्ची द्यायला उठला नाही.

मागच्या रांगेत आम्ही बसलो. स्टेजवर सर्जनसाहेब होते. चांगलं बोलत होते. पुढच्या खुर्चीवरचे एक पालक मागं वळले आणि वडिलांना म्हणाले, “तुमचा नातू आहे का इथं?”

“नातू न्हाई. ह्यो माझा मुलगा. ह्याच शाळेचा.”

“अरे वा! काय करतात?”

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं.

खरं सांगतो, त्या वेळीही शब्द लगेच तोंडातून बाहेर पडले नाहीत. तेवढ्यात सर्जनसाहेबांच्या बोलण्यावर टाळ्या सुरू झाल्या आणि त्यातच मी हळूच म्हणालो, “नांदेडला माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक आहे.”

“बरं,” ते म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले.

वडील माझ्या कानाशी झुकले. “जरा मोठ्यानं सांगायचं की. इतक्या टाळ्यांत त्येला ऐकूच गेलं नसंल.”