रीडिंगवाल्याचा चहा

शेजारच्या सुमनमावशी आज सकाळी जिन्यातला नवा मीटर पदराने पुसत होत्या. त्या एकट्याच राहतात. पूर्वी दर महिन्याला रीडिंग घ्यायला वीज कंपनीचे साळवी यायचे. मावशी त्यांना आत बोलावून चहा द्यायच्या, त्यांच्या मुलीची चौकशी करायच्या. साळवी कितीही घाईत असले तरी कप संपेपर्यंत बसायचे.

मग स्मार्ट मीटर आले. बसवणारा म्हणाला, "आता कुणी यायची गरज नाही, आजी. तुमचा वापर आपोआप ऑफिसात कळतो." सोयच झाली. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. घरात वीज येते, तशी आता घरातून आपली खबरही जाते, फक्त माणसाचं येणं थांबलं. ते पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही.

मला पाहून मावशींनी विचारलं, "मी दिवा लावला की तिकडे कळतं का गं?"

"कळतं की, मावशी."

"कुणाला?"

तिकडे एक यंत्र आकडे साठवत असतं, हे मला सांगवेना. "असेल कुणीतरी," मी म्हटलं.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना पाहिलं, तर मावशींच्या गॅलरीतला दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. मला राहवेना. मी जाऊन बेल वाजवली.

मावशींनी लगबगीने दार उघडलं.

"तू होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिकडून कुणी आलं."