तूसकाकांनी बंद केलेला एसी

तूसकाका चाचणीच्या खोलीत शिरले की आधी एसी बंद करायचे. तोही कोलकात्याच्या भाद्रपदात! आमची घामाने आंघोळ व्हायची, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. "ट्रॅक्टर काय पार्क स्ट्रीटवर फिरणार आहे? शेतात कुठला आलाय एसी?" एवढंच म्हणायचे.

विजेवर चालणारे ट्रॅक्टर बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात, बॅटरी थंड राहते की नाही हे तपासणं त्यांचं काम. त्यासाठी ते भातगिरणीतून तुसाचं पोतं आणत आणि चालू पंख्यासमोर मुठीमुठीने उधळत. म्हणून बंगाली सहकाऱ्यांचे ते तुषबाबू, माझे तूसकाका. मूळचे मिरजेचे. अख्ख्या कारखान्यात मराठी आम्ही दोघंच, शिवाय मी त्यांच्याच हाताखाली, त्यामुळे त्यांच्या डब्यातली अळूवडी आणि बोलणी, दोन्ही माझ्या वाट्याला यायची. "अगं वृषाली, बॅटरीला ओरडता येत नाही. आपण ओरडायचं," म्हणायचे, आणि ओरडायचेही, थेट साहेबांवर.

साहेबांनी बॅटरीभोवती गार पाणी फिरवणाऱ्या नळ्या काढून टाकल्या आणि नुसता पंखा बसवला. काकांनी तूस उधळलं. थोड्याच वेळात पंख्याची जाळी बुजली, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. काकांनी 'चाचणी पास'चा कागद तसाच साहेबांच्या टेबलावर आपटला आणि सही करायला साफ नकार दिला.

मग काका रजेवर गेले आणि साहेबांनी डाव साधला. डिसेंबरच्या गारव्यात, वर एसी लावून, तुसाशिवाय चाचणी उरकली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. भीती होती, बढतीचा मोहही होता. आता उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

परतल्यावर काकांनी तो कागद पाहिला. ओरडले नाहीत. "मॅडम, ये साइन आपका है?" एवढंच विचारलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी मराठीत एक शब्द बोलले नाहीत. डबा पुढे करणंही थांबलं. जाताना उरलेलं अर्धं पोतं तेवढं माझ्या टेबलाखाली ठेवून गेले.

पुढच्या मळणीत बर्धमानकडच्या एका खळ्यावर आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी पेटली. पेंढ्याच्या गंजीपासून ट्रॅक्टर दूर नेताना निमाई नावाच्या चालकाचे दोन्ही हात भाजले. कंपनीने लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. निष्काळजीपणा! जाळीतलं तूस काय त्याने घरून आणलं होतं? लाज कशी वाटत नाही ह्या लोकांना? आणि सही करताना मला तरी कुठे वाटली होती?

गेल्या आठवड्यात नव्या ट्रॅक्टरचा कागद माझ्यापुढे आला. पुन्हा नुसता पंखाच. मी उठून एसी बंद केला आणि काकांचं ते पोतं पंख्यासमोर रिकामं केलं. जाळी बुजली. सही मिळणार नाही, असं साहेबांना तोंडावर सांगितलं. निमाईच्या अपघाताचं खरं कारणही लिहून दिलं, माझ्या जुन्या सहीसकट. मग मिरजेला फोन लावून काकांना सगळं सांगितलं.

काकांनी एकच विचारलं.

"अगं, जाळी काढून आतून बघितलीस का?"

"बघितली, काका."

त्या 'अगं'ने भडभडून आलं आणि पाठोपाठ स्वतःचाच संताप आला. निमाईची बोटं अजून स्टीअरिंगभोवती मिटत नाहीत.