रविवारची गिटार

आदिलाबादेत माझं लग्नाचे साउंड बॉक्स भाड्यानं देण्याचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी एक साहेब यायचे. निर्मलहून बदलून आलेले, कुठल्याशा ऑफिसात कारकून. आले की मोबाईल माझ्या मशीनला जोडायचे, आणि मग इलेक्ट्रिक गिटार अशी किंचाळायची की छपराचे पत्रे थरथरायचे. समोरची भाजीवाली तोंड भरून शिव्या द्यायची. साहेब तिच्याकडे पाठ करून, बॉक्सच्या जाळीवर तळवा टेकवून, डोळे मिटून उभे.

एकदा मी वैतागलो. "सायेब, खोलीवरच इअरफोन लावून आयका ना!"

ते हसले. "त्याच्यात मलेच आयकू येते, भाऊ. इथं निदान कोणी शिव्या त देते."

पुढं लग्नसराई आली. एका रविवारी दुकानात एकही बॉक्स नव्हता. साहेब दारात थोडे घुटमळले, मग रस्ता ओलांडून भाजीवालीकडे गेले. तिनं टमाटे तोलले, पिशवीत टाकले. तरी ते तिथंच उभे.

तेव्हा कुठं तिनं मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "नवीन आले का जी गावात?"