पावडर कंपनीचे हजार शेअर

आईचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी लिफाफा न फोडताच टेबलावर टाकला. आत काय असणार ते ठाऊक होतं. सही जुळत नाही.

जिच्याशी जुळायला हवी होती ती सही आईनं सिल्लोडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असताना केलेली. पगाराचा फरक मिळाला होता, आणि तिच्या एका सहकारी बाईंच्या नवऱ्यानं पावडर-क्रीमच्या कंपनीच्या पब्लिक इश्यूचे फॉर्म शाळेत आणून दिले होते. आईनं शंभर शेअर घेतले. तिचा अभ्यास एवढाच, की शाळेतल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत त्याच कंपनीचा डबा असायचा. "ह्या बाया एक वेळ जेवायच्या नाय, पण पावडर सोडायच्या नाय," ती म्हणाली. वडिलांना त्या पैशांत फ्रीज हवा होता. "जन्मात तोंडाला पावडर लावली नाही, आणि निघाली कंपनीची मालकीण व्हायला!" असं ते आल्यागेल्याला सांगत.

काही वर्षांनी कंपनीनं दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे केले. पेपरात भाव एकदम पाचव्या हिश्श्यावर आलेला बघून वडील भरल्या ताटावरून उठले. आईनं त्यांना परत बसवलं. "भाकरीचे पाच तुकडे केले म्हणून भाकरी कमी होत नाय. जेवा गुमान." पुढं आणखी एकदा तुकडे पडले, एकाचे दोन. शंभराचे पाचशे झाले होते, पाचशेचे हजार झाले. दर वेळी जुने कागद कंपनीकडे जात, नवे रजिस्टर पोस्टानं येत, आणि आई ते कपाटात साड्यांखाली ठेवी. वर्षं जात राहिली आणि त्यातला एकेक तुकडा मूळच्या अख्ख्या शेअरपेक्षा महाग झाला. ते बघायला वडील राहिले नाहीत.

ते गेल्यावर आई माझ्याकडे सिडकोत आली. आता तिला कंपवात आहे. सकाळी तिला उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, मग ऑफिस गाठायचं. दुपारच्या सुट्टीत स्कूटीवर घरी यायचं, तिला जेवू घालायचं, पुन्हा पळायचं. मी थकले आहे. हे कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच म्हणतो, आईची सेवा करायला नशीब लागतं. लागत असेल.

दिवसभरासाठी एक बाई ठेवू म्हटलं तर आई ऐकेना. "जावयाच्या पैशावर बाई ठिवून घेणार नाय मी." माझाही पगार आहे, मी म्हणाले. तोही तिच्या लेखी जावयाच्याच घरातला. "माझे शेअर वीक, मग ठेव. मी हू की चू करणार नाय."

पण कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत. आधी ते डीमॅट खात्यात चढवावे लागतात, आणि त्यासाठी तिची जुनी सही जशीच्या तशी हवी. सकाळची गोळी घेतल्यावर अर्धा तास तिचा हात जरा ऐकतो. त्या अर्ध्या तासात ती रोज कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागं सही गिरवत बसायची, आणि मी शेजारी घड्याळ बघत उभी. मोबाइलवर ते शेअरवाले सांगत असतात, चांगली कंपनी बघा, घ्या आणि वीस-तीस वर्षं धरून ठेवा. वर चढत गेलेली हिरवी रेघ दाखवतात. धरणाऱ्याच्या हाताचं तोवर काय होतं, ते कुणी दाखवत नाही.

तिसऱ्या लिफाफ्यानंतर बँकेतल्या साहेबांनी मार्ग सांगितला. "सही होत नसेल तर माझ्यासमोर अंगठा लावा, मी शिक्का मारून देतो."

"अंगठा?" आई म्हणाली. "मी?"

सिल्लोडला असताना संध्याकाळी ती कापूस वेचणाऱ्या बायांचा वर्ग घ्यायची. हजेरीच्या कागदावर त्यांना अंगठा नको, सही करता यावी म्हणून. त्यांच्यातली एकजण, पहिली सही केली त्या दिवशी, पेढे घेऊन घरी आली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ओरडले. "सही येत नाही ना? मग लाव अंगठा! मला नाही होत आता!"

दुसऱ्या दिवशी गोळी घेतल्यावर तिनं कॅलेंडरचं पान मागितलं नाही. "इस्त्रीची साडी दे," म्हणाली. "जाऊ बँकेत."

साहेबांनी "आज्जी, बसा" म्हणून खुर्ची दिली, शाईचं पॅड पुढं सरकवलं. फॉर्मच्या चार प्रती होत्या. तिचा हात थरथरत होता, मागं रांग होती, मला ऑफिस होतं. मी तिचं मनगट पकडून अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर. "बाजूला त्यांचं नाव लिहा," साहेब म्हणाले. "निशाणी डाव्या अंगठ्याची, असं." मी खरडलं.

आई कागदावर वाकून बघत राहिली. मग वर्गात बोलायची त्या शुद्ध, सावकाश मराठीत म्हणाली, "अक्षर नीट काढ. माझं नाव आहे ते."

तिचं मनगट अजून माझ्या डाव्या हातात होतं. ते मी किती आवळून धरलंय, हे मला तेव्हा कळलं. मी हात सैल केला. मला तिथंच रडू आलं, रांगेसमोर.

उरलेल्या तीन प्रतींवर अंगठा तिनं स्वतः टेकवला, थोडा फिसकटला तरी. आणि शेजारी मी तिचं नाव लिहिलं, पहिलीत तिनंच शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर.